शुगर प्लममध्ये प्लम नसतो

डिसेंबर आला की युरोप-अमेरिकेतले छोटे चॉकलेटवाले ‘नटक्रॅकर’चे खास बॉक्स काढतात. सगळी चॉकलेटं हाताने बनवलेली, आणि नावं बॅलेमधल्या पात्रांची. त्यातल्या ‘शुगर प्लम’मध्ये काही जण खरंच आलुबुखार भरतात. तिथेच माझी गाडी अडते.

‘द नटक्रॅकर’ पहिल्यांदा झाला डिसेंबर १८९२मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात. संगीत चायकोव्हस्कीचं. ख्रिसमसला एका मुलीला अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला भेट मिळतो, त्याचा राजपुत्र होतो आणि तो तिला मिठाईच्या राज्यात नेतो. दुसऱ्या अंकात खाऊच नाचतो! कॉफी अरबी, चहा चिनी आणि चॉकलेट? स्पॅनिश. ट्रम्पेट वाजतो, जेमतेम सव्वा मिनिटाचा नाच, संपला.

आता स्पेनमध्ये कोकोचं झाड नाही. माया आणि अॅझ्टेक लोक कोको पीत होते. १५२१मध्ये स्पॅनिशांनी अॅझ्टेकांची राजधानी घेतली आणि पुढे ते पेय स्पेनमार्गे युरोपभर गेलं. स्टेजवर मान मिळाला तो आणणाऱ्याला. मेक्सिको कुठेच नाही. मला हे खटकतं, नाच कितीही झकास असला तरी.

आणि त्या राज्याची राणी, शुगर प्लम फेअरी? रशियन नावात ती ‘द्राजे’ची परी आहे. द्राजे म्हणजे बी किंवा बदामावर साखरेचे थर चढवलेली गोळी. इंग्रजीतलं शुगर प्लमही तेच. ‘प्लम’ फक्त आकारावरून. मंद आचेवर भांडं हलवत राहायचं, चमचा-चमचा पाक घालायचा, थर वाळू द्यायचा, पुन्हा पाक. ओळखीचं वाटतंय ना? अहो, हा आपला संक्रांतीचा हलवा! फक्त त्यांना गुळगुळीत हवा आणि आपल्याला काटेरी.

तिच्या नाचासाठी चायकोव्हस्कीने पॅरिसहून सेलेस्टा हे नवंकोरं वाद्य मागवलं. तेही गुपचूप! रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांना कळलं तर ते आधी वापरतील, ही धास्ती त्याने प्रकाशकाला पत्रात कळवली होती. हेडफोन लावून ऐका तो तुकडा. घंटीसारखा टिणटिण आवाज येतो ना, तोच सेलेस्टा. मला तर त्यात कढईत हलव्याचे दाणे वाजल्यासारखे वाटतात.