तळटीप : घाटात चाक बदलणे

१. इथे आजच्यासारखे चार नट काढून चाक बदलल्याचे चित्र वाचकाने डोळ्यांपुढे आणू नये. सुरुवातीच्या मोटारींची लाकडी आऱ्यांची चाके सहजी निघत नसत. पंक्चर झाले की टायर जागेवरच उचकटून ट्यूबला ठिगळ लावायचे. कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीमार्गे नाशिक गाठणाऱ्याला हे भर चढावर करावे लागे. वेल्समधील लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये काढलेली ‘स्टेपनी’ म्हणजे संपूर्ण चाक नव्हेच. हवा भरलेला टायर चढवलेली ती बिनआऱ्यांची धाव. पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला ती क्लॅम्पने आवळायची आणि मुक्काम गाठायचा. खरे सुटे चाक रज-व्हिटवर्थचे : तारांचे आरे, तुंब्याच्या आत खाचा, मधोमध एकच मोठा नट. १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्रीत या चाकांना मनाई झाली, म्हणून नेपियरने स्पर्धेतून माघार घेतली. नुसत्या धावा बदलायला मात्र मुभा होती. आमच्या मते नाशिकच्या वाटेला तारांचेच चाक योग्य. इगतपुरीच्या पावसात फुगलेले लाकूड चैत्र-वैशाखात आकसते आणि आरे खिळखिळे होतात, हे बैलगाड्या बांधणाऱ्या सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.