वरळीचे विमान आणि इंदापूरचे माळरान

१/ वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या उद्यानात ‘मरुत’ हे जुने लढाऊ विमान उभे आहे. बारामती एमआयडीसीतून सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास करून सुट्टीत आलेली कुटुंबे त्याच्यासमोर छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. या विमानाचा एक धागा शेजारच्या इंदापूर तालुक्याशी जोडलेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या धाग्याचाच हा मागोवा.

२/ आधी संग्रहालयाविषयी. जुन्या संग्रहालयांचा पहिला नियम असे : ‘वस्तूंना हात लावू नये.’ अभियंता ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये म्युनिक येथे ‘डॉयचेस म्युझियम’ स्थापन केले आणि हा नियमच उलटवला. प्रेक्षकाने कळ दाबावी, दांडा फिरवावा आणि यंत्र चालताना पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याची मुख्य इमारत ७ मे १९२५ रोजी खुली झाली.

३/ हे संग्रहालय पाहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय प्रभावित झाले. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या वास्तूत २ मे १९५९ रोजी कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय सुरू झाले. शहरात येणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी या संस्थेने १९६५ पासून फिरते विज्ञान प्रदर्शन गावोगावी नेले.

४/ मुंबईत ही कल्पना टप्प्याटप्प्याने साकारली. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील प्रदर्शन भरले. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात विज्ञान उद्यान उभे राहिले. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते संपूर्ण केंद्र लोकांसाठी खुले झाले.

५/ एमआयडीसीतील कुटुंबाला या केंद्राचे मोल निराळे आहे. वडील वर्षानुवर्षे ज्या यंत्रावर पाळी करतात, ते यंत्र मुलांनी सहसा पाहिलेले नसते; कारखान्याच्या फाटकातून त्यांना प्रवेश नसतो. वरळीत मात्र बाप आणि लेक एकाच कप्पीचा दोर ओढतात. तरफ कशी काम करते हे सांगताना वडिलांना पुस्तक लागत नाही.

६/ आता ‘मरुत’कडे वळू. भारतात रचना होऊन बांधले गेलेले हे पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूत त्याची रचना झाली. १७ जून १९६१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर कामगिरी बजावली.

७/ ते बांधणाऱ्या ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ या कंपनीचा पाया डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने घातला, तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ मध्ये, ती सरकारच्या ताब्यात गेली. १९५३ मध्ये वालचंद निवर्तले. ‘मरुत’ आकाशात झेपावलेले त्यांना पाहता आले नाही.

८/ याच वालचंदांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवून साखर कारखाना उभारला. त्याभोवती वसलेले गाव म्हणजे वालचंदनगर. पुढे तेथे यंत्रेच घडू लागली : प्रथम साखर कारखान्यांची, नंतर अणुऊर्जा व अवकाश कार्यक्रमांसाठी लागणारी.

९/ १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ अवकाशात झेपावले. त्याला उचलणाऱ्या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंना ‘एस-२००’ बूस्टर होते. प्रत्येकाचा व्यास ३.२ मीटर आणि आत सुमारे २०० टन घन इंधन. या बूस्टरच्या पोलादी आवरणाचे भाग घडवण्यात वालचंदनगरचा मोठा वाटा आहे. विज्ञान केंद्रात प्रक्षेपकाची प्रतिकृती पाहताना इंदापूरच्या मुलाने हे आठवावे.

१०/ संग्रहालयातील यंत्राजवळ रचनाकाराचे नाव असते, सालही असते. ते ओतणाऱ्या, कातणाऱ्या, जोडणाऱ्या हातांची नोंद क्वचितच सापडते. आपल्या भागात तर ही उणीव अधिक जाणवते. कालबाह्य झालेले यंत्र भंगारात जाते, कामगार निवृत्त होतो आणि त्यांच्यासोबत एका कौशल्याचा इतिहासही नाहीसा होतो.

११/ जून २०२२ मध्ये बारामतीतच विज्ञान व नवोपक्रम केंद्राचे उद्घाटन झाले. आता प्रयोगाला हात लावण्यासाठी वरळीच गाठावी लागते असे नाही. मात्र कारखान्यातील आठवणी जपण्याचे काम कोणतेही केंद्र आपल्यावतीने करणार नाही.

१२/ म्हणून पुढच्या सहलीला आजोबांना सोबत न्या. ‘मरुत’समोर छायाचित्र काढून झाले की त्यांना विचारा : तुम्ही पहिल्यांदा कोणत्या यंत्रावर उभे राहिलात? कोणत्या साली? ते काम तुम्हाला कोणी शिकवले? उत्तर लिहून ठेवा. इतिहासाचे अस्सल साधन असेच तयार होते.