नऊ हजार सहाशेच का?

मागच्या डिसेंबरात आपण सगळे शाळेत जमलो, तेव्हा तुमच्यातले बहुतेकजण पटांगणात फोटो काढत होते आणि उरलेले मिसळीच्या रांगेत होते. मला मात्र मुख्याध्यापकांनी हाताला धरून नव्या लॅबमध्ये नेलं. आपल्या वेळची चित्रकलेची खोली ती. भिंतीवरचे रंगाचे ओघळ अजून तसेच आहेत, फक्त बाकांवर आता आर्डुइनोचे निळे बोर्ड, तारांची भेंडोळी आणि तीन लॅपटॉप. नववीतल्या चार मुली एका बोर्डाभोवती हसत उभ्या होत्या. लॅपटॉपवरून ५ हा आकडा पाठवायचा आणि बोर्डावरचा दिवा पाच वेळा लुकलुकायचा, एवढंच काम. दिवा थांबायलाच तयार नव्हता. मी मोजला, त्रेपन्न वेळा.

हे मला लगेच सांगता आलं. कीबोर्डवरून जातो तो पाच हा आकडा नसतो, पाच या अक्षराचा क्रमांक असतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या आस्की नावाच्या यादीत शून्याचा क्रमांक ४८, म्हणून पाचाचा ५३. आलेल्या क्रमांकातून ४८ वजा करा, झालं. मुलींनी केलं, दिवा पाचदा लागला, टाळ्या पडल्या. मी आपली मोठी इंजिनिअर म्हणून खूश.

दुसरी अडचणही सुटली. प्रोग्रॅम सुरू करून लगेच पाठवलेला पहिला आकडा हरवत होता. लॅपटॉपने सिरियल पोर्ट उघडला की हा बोर्ड स्वतःला रीसेट करतो आणि पुढचा क्षणभर त्याला काहीच ऐकू येत नाही. दोन सेकंद थांबून पाठवायला सांगितलं.

मग त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, प्रोग्रॅममध्ये पहिल्या ओळीत ९६०० लिहायचं असतं. ते ९६००च का? दहा हजार का नाही?"

वीस वर्षं हा आकडा मी टाइप करत आलेय. मी म्हणाले, "ते तसंच असतं गं." आणि मिसळ खायला गेले. पुण्याला परतताना गाडीत ते वाक्य टोचत राहिलं, कारण उत्तर मला थोडंफार माहीत होतं आणि त्यात माझ्या वडिलांचा हिस्सा होता. म्हणून स्मरणिकेत प्रवासवर्णनाऐवजी हे.

गोष्ट फ्रान्समध्ये सुरू होते. एमिल बोदो हा शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षण गावातल्या प्राथमिक शाळेपुरतं. १८६९ साली तो तारखात्यात चिकटला. मोर्सच्या पद्धतीत काही अक्षरं आखूड, काही लांब. ते माणसाच्या कानाला जमतं, यंत्राला नाही. बोदोने प्रत्येक अक्षराला सारख्याच लांबीचे पाच ठोके दिले. प्रत्येक ठोका एक तर आहे किंवा नाही. पाच ठोक्यांच्या बत्तीस जुळण्या होतात, तेवढ्यात वर्णमाला बसते. १८७४ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्राला पियानोसारख्या पाचच पट्ट्या होत्या, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. त्या यंत्राच्या तालावरच दाबाव्या लागत. ताल चुकला की अक्षर गेलं. दर सेकंदाला किती ठोके, हे मोजायच्या एककाला पुढे त्याच्याच नावावरून बॉड म्हणू लागले. आपले ९६०० म्हणजे ९६०० बॉड.

तालाची ही सक्ती सुटली ती शिकागोत. जॉय मॉर्टन हा मिठाचा व्यापारी, म्हणजे मॉर्टन सॉल्टवाला. त्याने चार्ल्स क्रम या इंजिनिअरला पैसे पुरवले. दोघांच्या नावांची मोडतोड करून कंपनी झाली मॉरक्रम. चार्ल्सचा मुलगा हॉवर्ड याने १९१० च्या सुमारास जी युक्ती काढली, तीच त्या निळ्या बोर्डात आजही चालते. दोन यंत्रं सतत एका तालात ठेवायची गरजच नाही, असं ती सांगते. प्रत्येक अक्षराच्या आधी एक ठोका 'आता येतंय' म्हणून, शेवटी एक ठोका 'संपलं' म्हणून. घेणारं यंत्र निवांत बसलेलं असतं. पहिला ठोका आला की ते स्वतःच्या घड्याळाने मोजायला लागतं, अक्षर संपलं की पुन्हा थांबतं. घड्याळं थोडी मागेपुढे असली तरी एका अक्षरापुरती निभावून नेतात, पुढच्या अक्षराला नव्याने सुरुवात. थोडी, हे महत्त्वाचं. त्याकडे येतेच.

तुमच्यापैकी काहींना माझे वडील आठवत असतील. रोज सकाळच्या एसटीने जिल्ह्याच्या तार ऑफिसात जायचे. तार म्हटलं की आपल्याकडे आधी रडारड, मग वाचन. माझ्या मैत्रिणी म्हणूनच त्यांना जरा बिचकून असायच्या. ते टेलिप्रिंटर चालवायचे. त्यावर बोदोचेच पाच ठोके होते, पुढच्या लोकांनी थोडे सुधारलेले. वेग ५० बॉड, म्हणजे एक ठोका २० मिलिसेकंदांचा. सुरुवातीचा एक, अक्षराचे पाच आणि शेवटचा दीड, असे साडेसात ठोके मिळून एक अक्षर. सेकंदाला सहा-सात अक्षरं.

पाच ठोक्यांत अक्षरं मावतात, पण आकडे नाही मावत. म्हणून 'आता आकडे' आणि 'आता अक्षरं' अशा दोन खुणा असायच्या. मधली खूण वाटेत बिघडली की अख्खी ओळ आकड्यांत छापली जायची, क्यूच्या जागी १, डब्ल्यूच्या जागी २, पीच्या जागी ०. बाबा अशी आकड्यांची ओळ सरळ अक्षरांत वाचून दाखवायचे. आम्हा भावंडांना ती जादू वाटायची. त्यांना मात्र तो रोजचा वैताग होता.

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते, २००३ साली. आमचा प्रोजेक्ट म्हणजे कॉम्प्युटरवरून पाठवलेली सूचना दूरच्या पाटीवर दाखवायची. पाटी कसली, सोळा अक्षरांचा छोटा एलसीडी. त्याच्यामागे ८९सी५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे इंटेलने १९८० मध्ये काढलेल्या ८०५१ चाच अवतार. कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टवर १ म्हणजे उणे बारा व्होल्टच्या आसपास आणि ० म्हणजे अधिक बारा, हे १९६० च्या आरएस-२३२ या प्रमाणानुसार. चिपला समजतात शून्य आणि पाच व्होल्ट. मध्ये दुभाषी म्हणून मॅक्स२३२ ही चिप. सगळं सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेलं.

हायपरटर्मिनल उघडून १ दाबला, तर एलसीडीवर छोटा क्यू. २ दाबला, तर छोटा आर. लहान लिपीतली अक्षरं पाठवली की कधी जपानी वळणाची, कधी डोक्यावर ठिपके दिलेली चित्रं. प्रोजेक्ट जमा करायला तीन आठवडे उरलेले. आम्ही केबल बदलली, मॅक्स२३२ बदलली, कपॅसिटर बदलले, नवा बोर्ड सोल्डर केला. माझी पार्टनर रडकुंडीला आलेली.

रविवारी घरी गेले होते, तेव्हा बाबांनी विचारलं काय झालंय. मी तुटकपणे सांगितलं. ते म्हणाले, "१ ला दरवेळी क्यूच येतो?" हो. "म्हणजे लाइन चांगली आहे. लाइन खराब असती तर कधी बरोबर, कधी चूक आलं असतं. एकच चूक ठरून येतेय ना, मग तुमचा स्पीड जुळत नाही. आमच्याकडे मोटरचा स्पीड हलला की असंच व्हायचं. मेकॅनिक येऊन ट्यूनिंग फोर्क लावून बघायचा." आणि म्हणाले, "आर-वाय, आर-वाय पाठवून बघ." टेलिप्रिंटरच्या भाषेत आर आणि वाय म्हणजे एक आड एक ठोके, बरोबर एकमेकांच्या उलट. लाइन तपासायला सगळीकडे तेच पाठवत.

मी म्हणाले, "बाबा, हे कॉम्प्युटर आहे. यात मोटर नसते."

ते काही बोलले नाहीत. पेपर उचलला.

त्यानंतर आणखी नऊ दिवस आम्ही घालवले. शेवटी कॉलेजच्या लायब्ररीत एका डेटाशीटच्या तक्त्यात नजर अडकली. बॉड रेटच्या प्रत्येक ओळीपुढे एकच विचित्र क्रिस्टल, ११.०५९२ मेगाहर्ट्झ. आमच्या बोर्डावर होता १२ चा. दुकानदाराकडे ११.०५९२ संपला होता. "हा पण तोच, घेऊन जा," म्हणाला आणि आम्ही घेतला. मायक्रोकंट्रोलरमध्ये मोटर नसते, पण क्रिस्टल असतो, आणि काम तेच.

हिशोब करून बघा, दहावीच्या गणितापुढचं काही नाही. ८०५१ आपल्या क्रिस्टलला आधी १२ ने भागतो, मग सिरियलसाठी ३२ ने. ११.०५९२ मेगाहर्ट्झचे होतात २८,८००. पुस्तकातल्या प्रोग्रॅमप्रमाणे टायमरमध्ये २५३ भरला की त्याला आणखी ३ ने भाग जातो. बरोबर ९६००. क्रिस्टल १२ चा असेल तर तोच हिशोब १०,४१७ वर जातो, साडेआठ टक्के जास्त. एका अक्षराचे दहा ठोके असतात. शेवटच्या ठोक्यापर्यंत चूक अर्ध्या ठोक्याच्या आत राहायला हवी, म्हणजे साधारण पाच टक्के चालते. आमच्या चिपला सुरुवातीचे ठोके नीट ऐकू यायचे आणि शेवटचे एकेक घर सरकायचे. १ चा क्यू होतो तो असा. कागदावर मांडून पाहिलं तेव्हा तो नेमका क्यूच निघाला आणि मला एकाच वेळी हसू आलं आणि लाज वाटली.

क्रिस्टल बदलला, पंधरा मिनिटांत पाटी चालू. बाबांना फोनवर "झालं" एवढंच सांगितलं.

आता त्या मुलीचा प्रश्न. ९६०० ला दोनाने भागत जा. ४८००, २४००, १२००, ६००, ३००, १५०, ७५. पंचाहत्तर हा तारयंत्रांच्या लाइनींचा वेग होता. यंत्रं सुधारली तसा वेग दुप्पट दुप्पट होत गेला, पण मूळ तेच राहिलं. मध्ये टेलिटाइपचं ३३ नंबरचं मॉडेल आलं. ते होतं ११० बॉडचं, अक्षराला अकरा ठोके, सेकंदाला बरोबर दहा अक्षरं. सुरुवातीच्या कॉम्प्युटरवाल्यांना हेच यंत्र परवडायचं, म्हणून कॉम्प्युटरला टेलिप्रिंटरची बोली शिकावी लागली. डेक कंपनीत गॉर्डन बेल याने पीडीपी-१ साठी ती बोली बोलणारं सर्किट बनवलं आणि १९७१ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलने ते एका चिपमध्ये बसवलं. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५० ही चिप होती आणि तिच्या शेजारी १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ. त्याला १६ ने भागलं की १,१५,२००, आणखी १२ ने भागलं की ९६००. गंमत म्हणजे १.८४३२ ची सहापट म्हणजेच ११.०५९२. दोन्ही क्रिस्टल तारयंत्राच्या आकड्यांसाठीच कापलेले.

आर्डुइनो आला २००५ मध्ये, इटलीतल्या इव्रेया गावातून, तिथल्या एका बारच्या नावाने. त्यात क्रिस्टल १६ मेगाहर्ट्झचा. त्यातून ९६०० नेमके निघतच नाहीत, ९६१५ निघतात. कुणाला कळतही नाही, कारण हॉवर्ड क्रमची युक्ती एवढा फरक पोटात घालते. आणि पोर्ट उघडल्यावर बोर्ड रीसेट होतो, तो डीटीआर नावाच्या इशाऱ्याने. मोडेमला 'मी तयार आहे' असं सांगण्यासाठी आरएस-२३२ मध्ये एक वेगळी तार होती, तिचं नाव ते. तार गेली, यूएसबी आलं, इशारा राहिला आणि आर्डुइनोवाल्यांनी त्याला रीसेटच्या कामाला जुंपलं.

२०१३ च्या जुलैमध्ये सरकारने तारसेवा बंद केली. शेवटचा दिवस १४ जुलै, रविवार. पुण्यातल्या तार ऑफिसात भली मोठी रांग, बहुतेकजण आठवण म्हणून स्वतःलाच किंवा मुलांना तार करणारे. मी बाबांना केली. इंग्रजीत लिहिलं की क्रिस्टल चुकीचा होता, स्पीड जुळत नव्हता, तुमचं बरोबर होतं. दहा वर्षं उशीर झाला होता.

तार पोचली तशी त्यांचा फोन आला. मजकुराबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, "कोणत्या ऑफिसातून केलीस? क्रिस्टलमधला एक एल खाल्लाय." मग म्हणाले, "आर-वाय पाठवून बघितलं होतंस का?" मी सांगितलं, आमच्यात त्यासाठी यू हे अक्षर पाठवतात. त्याचे ठोके एक आड एक पडतात. त्यावर थोडा वेळ गप्प होते. "यू. बरं आहे, एकातच काम होतं," म्हणाले.

बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. ती तार त्यांच्या पेन्शनच्या फायलीत सापडली.

त्या मुलीसाठी या लेखाची एक प्रत, एक १२ चा आणि एक ११.०५९२ चा क्रिस्टल आणि एक ८९सी५१ असं पाकीट शाळेच्या ऑफिसात ठेवलं आहे. यंदा ती दहावीत आहे, त्यामुळे पाकीट परीक्षेनंतरच तिच्या हातात पडावं, असं तिच्या आईने फोन करून बजावलंय.