तळटीप : कात्रजच्या घाटातले बैल

* एप्रिल १६६३मध्ये लाल महालात शाइस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघाले. त्याच रात्री कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटवले गेले व मोगल फौज त्या उजेडामागे धावली, असे परंपरा सांगते. इ.स.पू. २१७मध्ये हॅनिबलने इटलीत रोमनांना असेच चकवले होते. जनावराचे मोल त्याच्या दातानखांवर ठरवू नये, ते याचसाठी. हेच खेळातही दिसते : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मांत्रिकाचा जादुई सोबती स्वतः हल्ला करू शकत नाही, म्हणून नवखे खेळाडू त्याला विसरतात. पण हा सोबती घुबड असेल, तर ते शत्रूभोवती घिरट्या घालून त्याला गोंधळवते आणि साथीदाराला वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. – संपादक