अफगाण चर्चच्या भिंती



बेळगावचा माणूस मुंबईला गेला की काय पाहतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सकाळी उतरायचे, ज्या लग्नाला वा दवाखान्याच्या कामाला आलो ते उरकायचे आणि संध्याकाळ मोकळी मिळाली तर गेटवेवर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे. मीही वर्षानुवर्षे तेच केले. तीन वर्षांपूर्वी मात्र तिथून पुढे कुलाब्याच्या टोकाकडे गेलो, ते अफगाण चर्च पाहण्यासाठी. बसमध्ये एवढे नाव पुरते. चर्चचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पण ते तिकडे फारसे कोणी घेत नाही.

आपल्यापैकी ज्यांचे गोव्यात जाणे-येणे आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर चर्च म्हटले की बॉम जेझूसारखी इमारत येते. अर्धगोल कमानी, सोनेरी मुलाम्याची वेदी, कोरीव कामाची दाटी. कुलाब्याचे हे चर्च त्या जातीचे नव्हे. ते गॉथिक धाटणीचे आहे. गोल कमानीऐवजी टोकदार कमान, हे त्या धाटणीचे मूळ. कमान टोकदार केली की वरचा भार बाजूला कमी फेकला जातो आणि खाली जास्त उतरतो. त्यामुळे खांब बारीक ठेवून छत उंच नेता येते आणि भिंतीत लांबोळ्या खिडक्या काढता येतात. फ्रान्स-इंग्लंडात बाराव्या-तेराव्या शतकात हे तंत्र पिकले, पुढे मागे पडले आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना त्याचे पुन्हा वेड लागले. आपण बोरीबंदर, हायकोर्ट, राजाबाई टॉवर पाहून मुंबईला गॉथिक शहर म्हणतो. त्या साऱ्या इमारती उभ्या राहण्याआधी हे चर्च तिथे होते.

आत गेल्यावर उकाडा एकदम कमी होतो. रंगीत काचांतून येणारा उजेड इंग्लंडहून आणलेल्या नक्षीदार फरशीवर पडतो. काचा विल्यम वेल्स याच्या कारखान्याच्या. फरशी, जाळी आणि वेदीमागची सजावट विल्यम बटरफिल्ड या नामांकित वास्तुकाराची. मूळ आराखडा हेन्री कॉनिबेअर याचा. हाच गृहस्थ मुंबईला विहार तलावाचे पाणी देण्याच्या योजनेचा कर्ता. एका हाताने देऊळ आणि दुसऱ्या हाताने नळ, असा तो काळ होता. पायाचा दगड 1847 च्या डिसेंबरात बसला, चर्च उपासनेला खुले झाले 1858 च्या जानेवारीत आणि मनोऱ्याचे निमुळते शिखर पुरे व्हायला 1865 उजाडले. त्याची उंची 198 फूट. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना ते दुरून दिसावे, अशी अटच होती.

पर्यटक म्हणून मी काचांचे फोटो काढले, फरशीचे काढले, आणि मग वेदीच्या बाजूच्या भिंतीकडे वळलो. मुळात हे चर्च म्हणजे एक स्मारक आहे. 1838 ते 1843 या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत जे मेले, त्यांचे. ज्या लढाईत काबूलहून परतणारी इंग्रजांची अख्खी फौज जानेवारी 1842 मध्ये बर्फात कापली गेली आणि दोस्त महंमदाला गादीवरून उतरवण्यासाठी एवढा खटाटोप केला तोच शेवटी पुन्हा गादीवर बसला, ती ही लढाई. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. सोबतच्या लेखाचा आशय असा, की अधिकाऱ्यांची नावे येथे लिहिली आहेत. जे हवालदार-शिपाई आजाराने वा तलवारीने पडले, त्यांचेही हे स्मारक आहे, मात्र ते इतके आहेत की त्यांची नावे लिहिणे शक्य नाही.

मी तो मजकूर दोनदा वाचला. त्यात गोरे शिपाईही आले, हे कबूल करायला हवे. तेव्हा हा भेद केवळ कातडीच्या रंगाचा नव्हे, हुद्द्याचाही आहे. पण मुंबई फौजेत गोऱ्या शिपायांच्या कितीतरी पट आपले लोक होते. कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, मुसलमान, उत्तरेकडचे परदेशी, सारे एकाच रांगेत. जनरल कीनच्या हाताखाली हीच फौज सिंधूच्या मुखाशी उतरली आणि बोलन घाटातून कंदाहारला गेली. जुलै 1839 मध्ये गझनीचा किल्ला पडला, त्या मोहिमेत पुणे रिसालाही होता.

आणि काहून. हे नाव आपल्या बेळगावात तरी अनोळखी असू नये. बलुचिस्तानात मरी टोळ्यांच्या मुलखात काहून नावाचा एक किल्ला आहे. 1840 च्या मे महिन्यात मुंबईच्या पाचव्या पलटणीची एक तुकडी कॅप्टन लुइस ब्राउनबरोबर तिथे पोचली. रसद पोचवून परतणारी टोळी वाटेतच कापली गेली. किल्ल्यात मागे राहिले मूठभर शिपाई. ऑगस्टअखेर त्यांच्या सुटकेला निघालेली कुमक नफुस्कच्या घाटात लढली, पण किल्ल्यापर्यंत पोचू शकली नाही. तिच्यातले कितीतरी शत्रूच्या हातून गेले, कितीतरी तहानेने. किल्ल्यातले लोक तरीही तगून राहिले आणि 28 सप्टेंबरला मरी सरदाराशी बोलणी करून, आजाऱ्यांना सोबत घेऊन बाहेर पडले. पुढल्या वर्षी त्या पलटणीला लाइट इन्फंट्रीचा मान मिळाला. तीच आपली 'काली पाचवी', आज मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. तिचे केंद्र 1922 पासून आपल्या शहरात आहे. कॅम्पातल्या रस्त्यांवरून आपण रोज जातो. त्या रस्त्यांचे एक टोक काहूनला आहे आणि दुसरे कुलाब्याच्या त्या भिंतीशी, हे माझ्या साठीपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

नावे लिहिणे खरेच अशक्य होते का? कोरेगाव भीमाचा स्तंभ आठवा. त्याचा पाया 1821 साली घातला गेला. तोही कंपनी सरकारचाच, लढणारी पलटणही मुंबई फौजेचीच. तिथे पडलेल्या शिपायांची नावे दगडावर कोरली आहेत, 'नाक' हा प्रत्यय लागलेली 22 नावे त्यांत आजही वाचता येतात. तेव्हा शिपायाचे नाव दगडावर येऊ शकत होते. अर्थात तिथे एका दिवसाची लढाई होती आणि मेलेले मोजके. इथे पाच वर्षे, हजार मैलांची वाट, आणि बहुतेक मृत्यू तंबूतल्या तापाने वा हगवणीने. एवढी सवलत मी चर्च बांधणाऱ्यांना देतो. पण पलटणीचा पगार हजेरीपटावर वाटला जाई आणि हजेरीपटात प्रत्येकाचे नाव असे. नावे नव्हती असे नाही. भिंतीवर घेण्याइतकी ती महत्त्वाची वाटली नाहीत, इतकेच.

आमचे घराणे रत्नागिरीकडचे. पलटणीबरोबर बेळगावला आले आणि पेन्शनीनंतर इथेच राहिले. आजी सांगायची की तिच्या आजेसासऱ्यांचा एक भाऊ 'काबूलकडे' गेला तो आलाच नाही. कोणत्या पलटणीत होता, कुठे पडला, कोणालाच माहीत नाही. काहूनला होता असे म्हणायला मला कसलाही आधार नाही, आणि तसे मी म्हणणारही नाही. त्याची तिथी ठाऊक नसल्यामुळे त्याचे पान सर्वपित्रीलाच वाढले जायचे. आजी गेल्यावर तेही बंद पडले.

चर्चच्या पहारेकऱ्याने मला विचारले, कोणाचे नाव शोधताय का? भिंतीशी इतका वेळ उभे राहणारे बहुधा विलायतेहून आलेले असतात आणि आपल्या खापरपणजोबाचे नाव सापडले की फोटो काढून जातात, असे तो म्हणाला. मी त्याला सांगितले, आमच्या माणसाचे नाव इथे नाही, पण लेखात तो आहे. त्याला ते कळले की नाही कोण जाणे. त्याने पंखा लावून दिला आणि बाकावर बसा म्हणाला.

त्या वर्षी सर्वपित्रीला घरात एक पान जास्त वाढले. धाकट्या नातीने कोणासाठी म्हणून विचारले, तेव्हा नाव मलाही सांगता आले नाही.