पाऊणकीत लपलेलं बीजगणित

३/४ × क्ष दिसलं की घाम फुटतो ना? धानाच्या आपल्या गोंदियात जुनी माणसं हा हिशेब तोंडी करायची. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. म्हणून शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घ्यायचे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) नियम आहे: अंशांचा गुणाकार भागिले छेदांचा गुणाकार. म्हणजे ३क्ष/४. पण ‘पाऊण’ आला ‘पादोन’वरून, म्हणजे पाव कमी! म्हणून तेच क्ष − क्ष/४. बाराची पाऊणकी? १२ − ३ = ९. ‘सवा’ म्हणजे सपाद: क्ष + क्ष/४.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० पैसे झाले आणि हे पाढे हळूहळू सुटले. शब्द मात्र अजून आपल्या तोंडात आहेत. पुढचा अपूर्णांक आधी मराठीत वाचून बघा, अर्धं गणित तिथेच सुटेल.