मामाची वेबसाइट आणि पन्नास वर्षांपूर्वीचे एरर

तर मंडळी, गेला अख्खा वीकएंड मामाने खाल्ला.

झालं असं की, मामाने 2003 साली स्वतःची एक वेबसाइट केली होती. सह्याद्रीतले किल्ले, चढायच्या वाटा, कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे आणि कुठलं नाही, एवढंच. त्यातला अर्धाअधिक मजकूर त्याच्या ट्रेकमधल्या मित्राने लिहिलेला. तो मित्र आज नाही. फुकट जागा देणारी ती कंपनी काही वर्षांनी बंद पडली आणि तिच्याबरोबर साइटही गेली. उरली एक सीडी. मामा म्हणाला, "अरे, तू एवढा इंजिनियर, परत लावून दे ना. तासाभराचं तर काम."

मलाही तसंच वाटलं. एक स्वस्तातलं होस्टिंग घेतलं, चहा ठेवला आणि बसलो. रोज हापिसात बटण दाबून डिप्लॉय करणाऱ्या मला त्या साध्यासुध्या फाइलींनी दोन दिवस नाचवलं. पण प्रत्येक एररच्या मागे लागल्यावर लक्षात आलं, की यातला एकही आजचा नाही. कुणीतरी, कधीतरी घेतलेला तो एक निर्णय आहे, आणि त्या वेळी तो निर्णय अगदी बरोबर होता.

पहिला एरर: कनेक्शनच होईना. मी आपला सवयीने एफटीपीने, म्हणजे 21 नंबरच्या पोर्टवर दार वाजवत होतो, आणि होस्टने ते दार बंद ठेवलं होतं. एफटीपीचा पहिला मसुदा 16 एप्रिल 1971 चा. लिहिणारे अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत शिकत होते. वेब जन्माला यायला अजून 20 वर्षं होती! जाळ्यावर मोजकीच यंत्रं, बहुतेक विद्यापीठांची आणि संशोधनसंस्थांची. त्यामुळे पासवर्ड तारेतून उघडाच जायचा, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. पुढे जाळं वाढलं आणि चोरही आले. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवर बसून पासवर्ड गोळा केले. ते पाहून तिथल्याच तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यांनी पोर्ट मागितलं 22, कारण एफटीपीचं 21 आणि टेलनेटचं 23, मधली जागा रिकामी होती. त्या एसएसएचवरून फाइली पाठवायची सोय म्हणजे एसएफटीपी. 21 च्या जागी 22 टाकलं आणि दार उघडलं. क्रोम आणि फायरफॉक्सनेही 2021 मध्ये एफटीपी काढून टाकलं. तोवर त्याची पन्नास वर्षं भरली होती.

दुसरा एरर: फाइली चढल्या, पण साइटवर होस्टचं "लवकरच येत आहोत" छापाचं पान. मी सगळं सामान पब्लिक_एचटीएमएल या फोल्डरच्या बाहेरच टाकलं होतं. हे नाव 1993 च्या सुमाराचं, इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मकूल यांनी लिहिलेल्या वेब सर्व्हरमधलं. विद्यापीठाच्या एका यंत्रावर शेकडो जणांची खाती. प्रत्येकाच्या घरात पत्रं, प्रबंध, काय काय. सगळं घर जगाला दाखवायचं नाही, तर ओसरी तेवढी दाखवायची. ती ओसरी म्हणजे हा फोल्डर. मकूल 1994 मध्ये तिथून गेले, काम थंडावलं, मग वापरणाऱ्यांनीच आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि 1995 मध्ये अपाचे सर्व्हर आला. ओसरीचं नाव मात्र टिकलं.

फाइली ओसरीवर आणल्या, तर 403. म्हणजे पान आहे, पण बघायची परवानगी नाही. याचं मूळ आणखी मागे, 1969 पासून बेल लॅब्जमध्ये केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्ये. तिथे परवानग्या तिघांसाठी: मालक, त्याचा गट आणि बाकी सगळे. माझ्या फाइली फक्त मालकाला वाचता येत होत्या, आणि वेब सर्व्हर बिचारा "बाकी सगळे" मध्ये मोडतो. फाइलींना 644, फोल्डरांना 755, आणि पान दिसलं. फोटो सोडून.

तिसरा एरर: 404. मामाने पानात फाइलींची नावं स्मॉल लिपीत लिहिली होती, आणि कॅमेऱ्याने ती कॅपिटलमध्ये ठेवली होती. त्याच्या विंडोजला दोन्ही सारखीच. युनिक्सच्या वंशातल्या लिनक्सला ती दोन वेगळी नावं. नावं बदलणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, फोटो आले. 404 हा सर्नमधल्या एका खोलीचा नंबर होता अशी एक दंतकथा फिरते. टिम बर्नर्स-ली यांचे सहकारी रोबेर कायो यांनीच ती निकालात काढली आहे. चारशेच्या घरातले आकडे म्हणजे "मागणाऱ्याची चूक", बस.

खरी गंमत मात्र पुढे आहे. टेड नेल्सन यांनी 1960 च्या दशकापासून झानाडू नावाच्या व्यवस्थेचं स्वप्न पाहिलं होतं. त्यात दुवे दोन्ही बाजूंनी जोडलेले, न तुटणारे. बर्नर्स-ली यांनी हा हट्ट सोडला. वेबवर कुणीही कुणाच्याही पानाला दुवा देतो, विचारायला लागत नाही, कळवायला लागत नाही. म्हणून वेब इतकं भराभर पसरलं. पण म्हणूनच समोरचं पान गेलं तर दुव्याला पत्ताही लागत नाही. 404 ही त्या मोकळीकीची किंमत आहे.

चौथा एरर सगळ्यात जिवाला लागला. पानावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती भेळ. 2003 मध्ये आपली वर्तमानपत्रंसुद्धा "आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या" म्हणायची, आठवतंय? त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी "क" चं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट गेला की मराठी गेली. खरं तर देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून होती, तीही भारताच्याच 1988 च्या इस्की संकेतावर बेतलेली. युनिकोड साठवायची आजची पद्धत, यूटीएफ-8, केन टॉमसन (हो, तेच!) आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. पण घरोघरच्या कंप्युटरवर ती पोचायला बरीच वर्षं गेली. एक्सपीमध्ये मराठी चालू करायला विंडोजची सीडी शोधावी लागायची.

रविवार त्यातच गेला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. स्क्रिप्टच्या पहिल्या फेरीत "किल्ला" असा काही निघाला की मी एकटाच हसत बसलो :-) तिसऱ्या फेरीला वाक्यं वाचता यायला लागली. मामाच्या मित्राची वाक्यं.

एक सांगतो. जगातली पहिली वेबसाइट 1991 मध्ये सर्नमध्ये बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट कंप्युटरवर चालायची. त्यावर "हे यंत्र बंद करू नका" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. पण ते पान सतत बदलत राहिलं. 2013 मध्ये सर्नने ती साइट मूळ पत्त्यावर परत उभी केली, तेव्हा हाताशी होती ती 1992 ची प्रत. जिओसिटीजवर 1994 पासून लोकांनी घरं बांधली, याहूने 1999 मध्ये साडेतीन अब्ज डॉलरच्या वर मोजून ते गाव विकत घेतलं आणि 26 ऑक्टोबर 2009 ला बंद केलं. काही पानं वाचली, ती पदरमोड करून उतरवून घेणाऱ्या हौशी लोकांमुळे.

म्हणजे ज्यांनी हे सगळं बांधलं, त्यांनी पान चढवायला कुणाची परवानगी लागू दिली नाही. पण ते टिकवायची जबाबदारीही कुणावर टाकली नाही. ती आपलीच.

रविवारी रात्री मामाला लिंक पाठवली. बराच वेळ काही उत्तर नाही. मग फोन आला. "छान दिसतंय रे. फक्त त्या टाक्यांच्या पाण्याखाली 2003 टाक. आता ते पाणी तसंच असेल असं नाही. कुणीतरी पिईल."

टाकलं. एक प्रत माझ्या डिस्कवर, एक मामाच्या पेन ड्राइव्हवर ठेवली. होस्टिंगचे पैसे भरायची तारीख दोघांच्याही कॅलेंडरमध्ये आहे.

असो. तुमच्या घरात अशी एखादी सीडी असेल, तर ती अजून वाचता येते आहे तोवर बघा.